बांधाकडची बाजू

समृद्धी : घरी पंखा आहे, टीव्ही आहे, तीनशे रुपये भरून ॲपचा पास काढलाय मी. आणि तू मला इथे खाडीच्या बांधावर आणलंयस. समोर काय दिसतंय, आजी? कनात. लग्नाच्या मंडपाला बांधतात ती.

आवडाबाई : दिसते मना. जांभळी हाय. तू आधी बस बघू. उभी राहून डोक्यावर नको बोलू.

समृद्धी : या कनातीपलीकडे बँडची स्पर्धा चाललीय, ती बघायला आपण कनातीच्या अलीकडे बसायचं. ऑफिसात सांगितलं तर हसतील मला. हाफ डे टाकून घोडबंदरवरून आलेय.

आवडाबाई : तुझ्या बहिणीनं बोलावलं मना. सकाळी दक्षता युनिफॉर्म घालून निघाली नि उंबऱ्यात थांबली. बोलली, आजी, टीव्हीसमोर नको बसू, बांधावर ये. ती कधी काय मागते का? मागलं, तर मी आली.

समृद्धी : तिला काय जातंय, ती आत आहे. मागच्या स्पर्धेपर्यंत ठीक होतं, फुकट होतं, सगळा कळवा इथे बसायचा. आता ॲपवाल्यांनी घेतलीय स्पर्धा. आत फक्त बँडवाले आणि पंच. बाकीच्यांनी मोबाईलवर बघायचं. बघ, एक माणूस तरी आलाय का?

आवडाबाई : ठमाबाई असती तर आली असती.

समृद्धी : ठमाआजी जाऊन तीन वर्षं झाली.

आवडाबाई : म्हणून तर बोलते, असती तर.

समृद्धी : बरं, हा घे फोन. यात बघ. डोंबिवलीचा बँड संपत आलाय. मग आपल्या पोरी, दक्षता ढोलावर.

आवडाबाई : दुपारपासनं बगते की तुझ्या टीव्हीत. तीन बँड झाले. ट्रम्पेटवाले दिसले, काठी फिरवनारा दिसला. मोठा ढोल एकदा तरी दिसला का?

समृद्धी : ढोल शेवटच्या रांगेत असतो ना. कॅमेरे सगळे समोर, पंचांच्या बाजूला.

आवडाबाई : आनी बांध मागं. म्हणून आमाला शेवटची रांग सगळ्यात जवळ. बारा हातावर. तुझ्या आज्याची पाठ बगून मी लगीन केलंय, बाय.

समृद्धी : झालं हिचं सुरू.

आवडाबाई : हस तू. ढोल वाजवनाऱ्याची पाठ सगळं सांगते. ठोका द्यायच्या आधी धाकूचा डावा खांदा वर जायचा, मग जरासा थांबायचा, मग ठोका. मी खांद्याकडं बगत बसायची. दोन वर्षं मी त्याचं तोंड धड बगितलेलं नव्हतं. वर्षातनं एकदा, तेवढं सोडून.

समृद्धी : एकदा म्हणजे कधी?

आवडाबाई : शेवटच्या गान्याला. आपला बँड पीछे मूड करायचा नि शेवटचं गानं बांधाकडं तोंड करून वाजवायचा. पहिला ढोल कोळनींनी वर्गनी काढून आनलेला, त्याची ती सलामी. पंच तेवढ्यात चहा पिऊन घ्यायचे. मी आधीच पदर सारखा करून बसायची. धाकू वळला की पहिला मना बगायचा.

समृद्धी : एवढ्या बायकांत बरी सापडायचीस.

आवडाबाई : पिवळं लुगडं नेसायची.

समृद्धी : म्हणून आज पिवळी साडी?

आवडाबाई : धुतलेली हीच होती.

श्रीपाद : माफ करा, इथे कोणी शूटिंग करत नाही ना? कनातीवरून मोबाईल धरू नका, ॲपवाले माझ्यावर... अरे, आवडाबाई तुम्ही?

आवडाबाई : या मास्तर. ओळखलंत म्हनायचं.

श्रीपाद : तुम्हाला कसा विसरेन? धाकू आमच्या शाळेच्या बँडला ढोल शिकवायचा.

समृद्धी : सर, तुम्ही स्पर्धेचे सेक्रेटरी ना? मी पास काढलेला आहे, हा बघा. पण हे काय लावलंय तुम्ही? माझी आजी पन्नास वर्षं इथे बसून बघतेय. तिच्या तोंडावर कापड बांधलंत.

श्रीपाद : बाळ, तुझा राग मला कळतो. दोन वर्षं स्पर्धा झालीच नाही, आठवतं? मैदानाचं भाडं, वाद्यांची दुरुस्ती, कोण देणार? बारा बँड होते, पाच उरले. नौपाड्यातल्या प्रत्येक दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या मी. हे लोक आले म्हणून यंदा निदान ढोल वाजतोय. त्यांची अट एकच होती, फुकट कोणाला दिसता कामा नये. आणि आज नागपूरहून, दुबईहून लोक बघतायत.

आवडाबाई : दुबई बगते. कळवा नाय बगत.

श्रीपाद : कळव्याचा हट्ट धरला असता तर स्पर्धाच गेली असती.

आवडाबाई : मी भांडत नाय, मास्तर. तुमी बंद पडू दिलं नाय, ते बरं केलं.

श्रीपाद : मग एक ऐका. चला माझ्याबरोबर आत. पंचांच्या मागे खुर्ची टाकतो. कोणी विचारलं तर माझी बहीण आहे म्हणून सांगेन.

समृद्धी : जा ना, आजी. मी थांबते इथे. ऊठ, हात दे.

आवडाबाई : पंचांच्या मागनं ढोल दिसंल का?

श्रीपाद : ट्रम्पेटच्या आडून. थोडासा.

आवडाबाई : नि शेवटच्या गान्याला?

श्रीपाद : ते आता नाही, आवडाबाई. वळणं बंद झालं. कॅमेऱ्याकडे पाठ करायची नाही, केली तर बँड बाद. तसा नियम आहे.

आवडाबाई : नियम कोनी लिवला?

श्रीपाद : त्यांनी सांगितला. लिहिला मी.

समृद्धी : पोरींना माहितीय हे?

श्रीपाद : प्रत्येक कप्तानाची सही घेतलीय. तुमच्या बँडची कप्तान दक्षताच आहे. माझ्यासमोर तिने दोनदा वाचला कागद, मग सही केली. हुशार मुलगी. आज पहिल्या आल्या तर राज्याच्या फेरीला जातील. अकरा महिने त्यासाठी राबल्यात.

आवडाबाई : दोनदा वाचला?

श्रीपाद : हो.

आवडाबाई : तुमी जा आत, मास्तर. मी इथंच बसते.

समृद्धी : आजी, अगं, खुर्ची देतायत. थोडी तरी दिसेल ती तुला. इथे काय आहे?

आवडाबाई : बांध हाय. ठमा गेली, आमच्या आळीच्या बाया घरात टीव्हीसमोर बसल्या. मी बी आत गेली तर बांधावर उरलं कोन? पोरींनी वळायचं म्हटलं तर कुनाकडं वळायचं?

श्रीपाद : त्या वळणार नाहीत हो. एवढी मेहनत कोणी पाण्यात घालेल का?

आवडाबाई : नका वळू दे. मी बसलेली बरी.

(कनातीपलीकडे मोठ्या ढोलाचे तीन ठोके पडतात. बँड सुरू होतो.)

समृद्धी : आपला बँड? पण फोनवर तर अजून जाहिरात चाललीय.

श्रीपाद : ॲपवर अर्धा मिनिट उशिरा दिसतं.

आवडाबाई : गप बसा दोघं.

समृद्धी : आजी? काय झालं? रडतेस?

आवडाबाई : ठोका ऐक. जरा थांबून पडतो, बग. आता. परत. खांदा वर जातोय तिचा. धाकू गेला तवा ती चार वर्षांची होती, तिला हे दावलं कोनी?

समृद्धी : आता फोनवर आल्या. छान चालतायत गं. पण दक्षता नाही दिसत. तिची टोपी दिसली वाटतं. नाही, दुसरीच आहे.

आवडाबाई : मना फक्त पाठ बगायची होती तिची. एकदा. तोंड नको, पाठ पुरे होती. आज पंधरा वर्षं झाली, कुनाच्या अंगात तो खांदा मी बगितला नाय.

समृद्धी : मी कनात वर करते. एवढीशी. सर, तुम्ही तिकडे बघा.

श्रीपाद : मी... बरं. मी खाडीकडे बघतो.

आवडाबाई : हात नको लावू. पोरीनं सही केलीय. उद्या बोलतील, घरच्यांनीच कापड फाडलं. आपल्यापायी ती बाद नको व्हायला.

समृद्धी : मग काय करायचं?

आवडाबाई : ऐकायचं.

श्रीपाद : दुसरी रचना संपली. आता शेवटचं गाणं.

समृद्धी : थांबले का? सगळं शांत का झालं?

श्रीपाद : एवढा वेळ थांबत नाहीत खरं तर.

समृद्धी : बाप रे, केवढा आवाज. स्पीकर लावला का या बाजूला?

श्रीपाद : इथे स्पीकर नाही.

आवडाबाई : वळल्या.

समृद्धी : नाही गं. हे बघ, फोनवर कॅमेऱ्याकडेच तोंड आहे सगळ्यांचं.

आवडाबाई : तुझ्या फोनला कळंल मागनं. ट्रम्पेटची तोंडं आपल्याकडं झाली की असंच येतं, छातीवर. मना नको शिकवू.

समृद्धी : सर?

श्रीपाद : चाळीस वर्षं मी या स्पर्धेत आहे. हे गाणं या बाजूने कधी ऐकलंच नव्हतं. आम्ही तेव्हा चहा प्यायचो.

समृद्धी : तुम्हाला आत जावं लागेल ना? बाद करायला.

श्रीपाद : जावं लागेल. माझ्याच हातचा नियम आहे. पण गाणं संपू दे.

समृद्धी : आल्या. आजी, आता फोनवरही वळल्या. सगळ्या पाठमोऱ्या. खाली लोक लिहितायत, हे काय चाललंय, पैसे परत द्या. दक्षता तर आता मुळीच दिसत नाही, सगळ्यांच्या पार पलीकडे गेली.

आवडाबाई : अलीकडं.

समृद्धी : हो गं, पण तुला कापडच दिसतंय ना?

आवडाबाई : कापडच दिसतंय. तो फोन ठेव पिशवीत नि इकडं ये. माझा पदर सारखा कर, खांद्यावरनं घसरलाय. पोर बगते.