शाफ्ट कुणी फिरवला?

फिरवलात? बाबा, खरं सांगा, कुठल्या बाजूला? अहो, बोटानं दाखवा नुसतं... तिकडे? उलटा? या अल्ला! चहा आणायला म्हणून मी जरा बाहेर गेलो काय आणि — नाही, नाही, उठू नका, बसा तुम्ही. चहा घ्या. चूक माझीच. आमच्या लॅबमध्ये नियमच आहे, पाहुणा आला की आधी त्याला हात पाठीमागे बांधायला सांगायचं, कारण चाक दिसलं की माणूस फिरवतोच. मंत्र्यालासुद्धा सांगतो आम्ही. पण सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, हात मागे बांधा म्हणून? तेही पहिल्यांदाच आलेल्या, क्युताह्याहून पहाटेची गाडी पकडून — साखर घातली का? घाला.

इथून आत डोकवा. शाफ्टभोवती ही कडी, आणि कडीच्या आतून केसाएवढ्या बारीक तारा — ब्रश आहे हो, साधा ब्रश! इंजिनात एका अंगाला हवेचा दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, मधल्या फटीतून हवा पळते, आणि ती पळाली की इंधन फुकट. तिला अडवायला हा ब्रश. तारा तिरक्या बसवलेल्या असतात, शाफ्ट फिरतो त्याच बाजूला झुकलेल्या — मांजराच्या पाठीवरून आपण कसा हात फिरवतो, तसं. आणि तुम्ही फिरवलात उलटा. मुडपल्या असतील आता! दुसरा ब्रश माझ्याकडे नाही, आणि जेवणं उरकली की तुर्हान होजा, आमचे प्रोफेसर, कारखान्याच्या लोकांना घेऊन येणार, गळती मोजायला. ठरल्यापेक्षा कमी भरली तर मला कारखान्यात नोकरी. नोकरी म्हणजे राहायला घर. घर म्हणजे तुमची बिन्नाज माझ्याकडे परत. सरळ हिशेब आहे माझा — तिला रोज सांगतो फोनवर, नाही उचलला तर पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, फक्त गुरुवारपर्यंत थांब म्हणतो — आज गुरुवार, बाबा.

थांबा, हवा सोडून बघतो. कान झाका. आता हा काटा बघा... बघा... हं. नाही, काही नाही. काल होता तिथंच आहे. म्हणजे तुमच्या फिरवण्यानं काहीसुद्धा बिघडलं नाही, तारा शाबूत आहेत — गळती कालही एवढीच होती. परवाही. ठरल्याच्या दुप्पट. उगाच ओरडलो मी तुमच्यावर.

कॉम्प्युटरवर जुळतं हो! तिथं मी धरून चाललो होतो, की शाफ्ट जरा हलला, तारा बाजूला सरल्या, तरी लगेच आपापल्या जागी येतील. कुठल्या येतायत! हवा त्यांना मागच्या पत्र्यावर दाबून धरते, तिथंच चिकटतात, आणि फट उघडीच्या उघडी. दाब काढला की मुकाट येतात परत. पण दाब काढून इंजिन कसं चालवायचं? एवढं कळायला माझे दोन हिवाळे गेले. बिन्नाज म्हणायची, ही माझी लोखंडी सवत. ती दवाखान्यात होती तेव्हाही मी इथंच — का? तुम्हाला नाही सांगितलं तिनं? दवाखान्याचं? ...मग मी तरी कशाला — ताप हो, साधा ताप. नाही, साधा नव्हता. एकटी होती. तिलाच विचारा. जाऊ दे.

बाबा, एक मागू? हा तुमचा हात ओठांना लावतो, कपाळाला लावतो. होजा आले की एवढंच म्हणा, शाफ्ट मी उलटा फिरवला. खोटं कुठाय त्यात? फिरवलातच की! पुढचं मी बघतो — तारा मुडपल्या, सासरे आहेत, वडीलधारे आहेत, कोण काय बोलणार? नवा ब्रश येईपर्यंत मुदत मिळेल, तेवढ्यात काहीतरी सुचेल मला. तुम्ही कसे आहात ते ठाऊक आहे हो. नक्षीच्या फरशीला भट्टीत बारीकसा तडा गेला तर गिऱ्हाईकाला तुम्ही आपणहून दाखवता. सख्खा भाऊ कोर्टात उभा होता, तरी खोटी साक्ष दिली नाहीत. पण एकदाच, बाबा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी —

काय? हो? मान हलवलीत तुम्ही?

इतक्यात? अहो, निदान दोन शिव्या तरी द्या! असं बघू नका माझ्याकडे. मयताच्या घरी गेल्यावर बघतात असं. सख्ख्या भावासाठी खोटं बोलला नाहीत, आणि माझ्यासाठी... का? तुम्ही काही माझी लॅब बघायला आला नाहीत. पहाटेच्या गाडीनं कोण येतं लॅब बघायला? आल्यापासून दोनदा तोंड उघडलंत आणि दोन्ही वेळा मीच मध्ये — नको, आता बोलू नका. आत्ता नको. ती येत नाही, हेच ना? नोकरी लागली तरी? घर मिळालं तरी?

...

जिन्यात होजांचा आवाज आहे. बाबा, त्या मागच्या दारानं निघा. नाही, काही सांगायचं नाही तुम्ही, कुणाला काही सांगायचं नाही. शाफ्ट कुणी फिरवला नाही. गळती दुप्पट आहे, माझं गणित चुकलंय, मी सांगतो त्यांना. आणि तिला म्हणावं — काही म्हणू नका. एवढंच म्हणा, तो आता फोन करणार नाही.

जा, बाबा. अहो, जा ना!