शिंप्याच्या वहीतला आकडा

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले आमच्या रुग्णालयाचे अधिष्ठाता, शेजारच्या संशोधन संस्थेचे संचालक, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आकडेबाई... माफ करा, निमंत्रणपत्रिकेत त्यांचा हुद्दा 'ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ' असा छापला आहे, पण एकवीस वर्षांत त्या नावानं त्यांना इथं कुणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. तर आकडेबाई, इतकी वर्षं रोज सकाळी त्यांचा डबा भरून देणारे त्यांचे यजमान, परिचारिका भगिनी, आमचे पेशंट आणि त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले तरुण डॉक्टर मित्रहो,

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. सर्जन 'दहा मिनिटांत आलो' म्हणाला की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्याच्या बायकोला विचारावं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, थोडं लांबेल.

बाईंच्या विद्वत्तेबद्दल संचालक बोलतीलच. मी आमच्या भांडणाबद्दल बोलणार आहे. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची इमारत आणि त्यांची इमारत यांच्यामध्ये फक्त एक अंगण, पण ते ओलांडून कुणी जात नसे. आम्ही डॉक्टर म्हणायचो, ही उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी. ते म्हणायचे, यांना कापायला शिकवलंय, मोजायला नाही. दोघांचंही खरं होतं, हे कळायला फार वेळ लागला.

त्या काळात मी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन नव्या पद्धतीनं करायला लागलो होतो. गाठ निघते हे दिसतच होतं. प्रश्न होता, नंतर माणूस जगतो कसा? या ऑपरेशननंतर काहींचा लघवीवरचा ताबा जातो. ते मोजायला बाईंनी अठरा प्रश्नांचा फॉर्म तयार केला. पेशंट तपासणीला आला की मी स्वतः फॉर्म पुढे ठेवायचो, स्वतःच्या खिशातलं पेन काढून द्यायचो आणि समोर उभा राहायचो. एकसष्ट माणसांनी फॉर्म भरले. अठ्ठावन्न जणांनी लिहिलं, काहीही त्रास नाही. मी हवेत होतो. मोठ्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं, नवा कोट शिवायला टाकला. शिंपी घरचाच, माझा थोरला भाऊ. आमचा दादा.

दादा त्या एकसष्टांतला एक होता. सख्ख्या भावावर आपण सुरी धरू नये असा आमच्यात संकेत आहे. मी तो मोडला. माझ्याइतकं चांगलं कोण करणार, असा माझा तोरा. दादाची आज सकाळी परवानगी घेतली आहे. म्हणाला, "सांग, पण पाल्हाळ लावू नकोस."

एक दिवस बाई माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "साहेब, आकडे फार छान आलेत."

"मग?"

"म्हणूनच मला पटत नाहीत. एकसष्ट माणसं नुसती बागेत बसवली तरी त्यांतले चारपाच जण कशाची ना कशाची कुरकुर करतील."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "बाई, तुम्ही आयुष्यात कधी पेशंट पाहिलाय का?" मला तो टोमणा मारायचा होता. बाईंनी त्याला प्रश्न समजून उत्तर दिलं. "नाही. उद्यापासून बघते."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसल्या. मांडीवर फाइल, पायाशी डबा. आठ दिवस! सिस्टर मला येऊन सांगायच्या, "त्या आजही आल्यात." मी म्हणायचो, बसू दे, कंबर धरली की जातील.

बाईंनी त्या आठ दिवसांत काय पाहिलं? माझे खुशालचेंडू पेशंट आले की स्वच्छतागृहाजवळच्या खुर्च्या आधी भरतात. कोपऱ्यात गार पाण्याचं यंत्र आहे, पण त्याला कुणी हात लावत नाही. ऐन उन्हाळ्यात सगळ्यांच्या अंगात काळ्या नाहीतर गडद निळ्या विजारी. आणि त्यांतल्या बऱ्याच विजारींना एकाच हाताची दुहेरी शिवण.

शेवटच्या दिवशी शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसले होते. बाईंनी त्यांना विचारलं, "काका, विजार छान बसलीये. कुठे शिवली?" काका जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "आतून जाड अस्तर असतं. त्यात कापडाची घडी बसते. ओल बाहेर दिसत नाही. डॉक्टरांना मात्र सांगू नका हं." आणि पत्ता दिला.

पत्ता दादाच्या दुकानाचा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते हे. दादानं आधी स्वतःसाठी तशी विजार शिवली. बाकावर कुणीतरी ती पाहिली, विचारलं, आणि एकाचं दुसऱ्याला कळत गेलं. माझ्या खोलीत सगळे मिठाची गुळणी धरून बसायचे आणि इथून उठून दादाकडे माप द्यायला जायचे.

बाई दुकानात गेल्या. दादा म्हणाला, "गिऱ्हाईकाचं माप आणि गिऱ्हाईकाचं दुःख, दोन्ही मी दुकानाबाहेर जाऊ देत नाही. नावं सांगणार नाही." बाई म्हणाल्या, "नावं नकोत मला. तुमच्या भावाच्या पेशंटांपैकी किती जण आले, एवढंच सांगा." दादानं मापांची वही काढली, चष्मा लावला, बोट फिरवत मोजलं. "चौतीस." बाईंनी लिहून घेतलं. त्या पायरी उतरणार इतक्यात दादानं मागून हाक मारली. "पस्तीस लिहा. माझी धरली नव्हती."

बाईंनी हे मला माझ्या खोलीचं दार लावून घेऊन सांगितलं. आवाज चढवला नाही, जिंकल्याचा भाव नाही. मी खण उघडून दादाचा फॉर्म काढला. अठरा प्रश्न, अठरा वेळा 'त्रास नाही'. अक्षर कसं, टाका घातल्यासारखं सुबक.

तसाच दुकानात गेलो. दादा मशीनवर होता. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" त्यानं मशीन थांबवलं नाही. म्हणाला, "अरे, तू पेन देऊन समोर उभा राहायचास. इतक्या हौसेनं बघायचास माझ्याकडे. मनात यायचं, यानं आपला जीव वाचवलाय, आता ओल्या कपड्यांचं गाऱ्हाणं कुठे घालायचं? तुला वाईट वाटलं असतं."

मंडळी, पस्तीस माणसं खोटं बोलली, आणि का? तर मला वाईट वाटू नये म्हणून. धाकट्या लेकीच्या घरी दादा दोन वर्षं राहायला गेला नव्हता. आम्हाला सांगायचा, दुकान सोडवत नाही. आम्ही हसायचो, म्हणायचो, म्हातारा मशीनला चिकटलाय. खरं कारण तिच्या घरच्या गाद्या होत्या. हे मला त्या दिवशी कळलं आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. सांगायला आता लाज वाटत नाही.

निबंध मागे घेतला. बाईंनी मला टोचून बोलायला हवं होतं, तो त्यांचा हक्क होता. त्या म्हणाल्या, "साहेब, चूक निम्मी माझी. फॉर्म मी लिहिला, पण तो कोण कुणाच्या हातात देतं हे बघायला अंगण ओलांडून आले नाही."

मग दोघांनी मिळून नव्यानं सुरुवात केली. फॉर्म दादाला समोर बसवून लिहिला. 'त्रास होतो का' हा प्रश्न गेला. त्याजागी आलं, दिवसातून कपडे किती वेळा बदलता? बाहेर जायचं असलं की पाणी पिणं टाळता का? कुणाच्या घरी राहायला जायचं टाळलंत का? फॉर्मवर नाव नाही, नुसता क्रमांक. खोली वेगळी. आणि ज्यानं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरनं त्या खोलीकडे फिरकायचं नाही, हा बाईंचा कडक नियम. मी एकदा चुकून त्या बाजूला गेलो तर सिस्टरनी मला हाकललं.

दर गुरुवारी बैठक सुरू झाली. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, प्रयोगशाळेतली मंडळी, व्यायाम शिकवणाऱ्या ताई, आणि टेबलाशी एक खुर्ची पेशंटची. पहिल्या गुरुवारी त्या खुर्चीवर दादा होता. तासभर आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही शिवता चांगलं. पण गिऱ्हाईकानं घालून बघितल्यावर कुठे काचतं ते विचारत नाही." ताईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. बरेच दिवस ते कुणी पुसलं नाही.

त्या टेबलावरून पुढे बरंच काही निघालं. लघवीवरचा ताबा टिकवायचे व्यायाम ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून सुरू झाले. माझा हात एका ठिकाणी घाई करत होता, ते बाईंच्या तक्त्यांनी मला दाखवलं. त्या वयात हाताची सवय मोडणं सोपं नसतं, मी खूप कुरकुरलो, पण मोडली. आणि ज्यांचा आजार अगदी संथ आहे त्यांना कापायचंच नाही, ठरावीक तपासण्या करत नजर ठेवायची, हे प्रयोगशाळेच्या मदतीनं ठरवता यायला लागलं. सहा वर्षांनी दादा बाईंना म्हणाला, "तुम्ही माझं गिऱ्हाईक तोडलंत." एवढं मोठं प्रशस्तिपत्र आम्हाला कुठल्या परिषदेत मिळालं नाही.

बाई, तुम्ही हुशार आहात म्हणून आम्ही तुम्हाला मानत नाही. हुशार माणसं इथं पैशाला पासरी आहेत, मागच्या भिंतीला टेकून उभीच आहेत. तुम्ही त्या बाकावर बसलात म्हणून मानतो. आता नवीन आलेल्या प्रत्येक संशोधकाला आधी आठ दिवस तिथं बसावं लागतं आणि प्रत्येक नव्या सर्जनला तुमच्याकडे आकडे ऐकायला. सोमवारपासून तुमच्या खोलीत दुसरं कुणी असेल. मला अंगण ओलांडून यायची सवय झाली आहे. मी येईन, आणि मग आठवेल. जाऊ दे.

आता आभार. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे एकदाच पाहिलं, त्यांचे आभार. फॉर्म खरे भरणाऱ्या सगळ्यांचे आभार. आधी खोटे भरले त्यांचेही, त्यांच्या मनात माया होती. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त बोलून गेलो असेन तर सभेनं पोटात घालावं.

पण एक माफी सभेकडे मागून चालणार नाही. बाई, तुमचा तो नियम, ऑपरेशन करणाऱ्यानं विचारायचं नाही, हा डॉक्टरसाठी होता. भावासाठी नव्हता. मी बारा वर्षं त्याच्या आड लपलो. दादाचा क्रमांक कुठला, मला ठाऊक नाही. तो आता बरा आहे का, हे मी त्याला एकदाही विचारलेलं नाही. आजही तो तिकडे, दाराजवळच्या खुर्चीवर बसला आहे, आणि ती खुर्ची त्यानं का निवडली हे मला नक्की माहीत नाही.

दादा, माझं चुकलं. समारंभ झाला की आपण दोघंच चालत घरी जाऊ. वाटेत मी तुला विचारणार आहे, आणि तू खरं काय ते सांग. मला वाईट वाटलं तर वाटू दे.