सुभेदार मेजरांचा भात

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याची होडी यायची होती. माझ्यापुढे दोघी कोळणी पाट्या टेकून बसल्या होत्या.

"नीरे, तुझा भाऊ पलटणीतून आला म्हणे? सुभेदार मेजर?"

"व्हय चांगुणे. तीस वर्सं काढली. बसऱ्याच्या लढाईतनं वाचला, आता पेन्शनीत आला."

"मग आता बसून खाईल."

"कसला बसतोय! पहाटे उठून माझी सुकी मासळीसुद्धा रांगेत लावतो. परवा म्हणाला, मला दर्यावर न्या."

"तुझ्या हसुरामाच्या होडीवर?"

"मग? पोरगा तांडेल हाय, होडीवर त्याचाच हुकूम. मामाला म्हणाला, मामा, होडीवर जो नवा, त्यानं चूल सांभाळायची."

"अगो बाय! आठशे माणूस सलाम ठोकायचं त्याला, आणि भाच्यानं चुलीशी बसवला?"

"रीतच हाय ती. पण भाऊ लई तापट. वाटलं, आता हा रागावून पुन्हा पुण्याच्या छावणीकडं जातोय."

"गेला?"

"न्हाय गो. टाचा जुळवल्या, भाच्याला सलाम केला आणि तांदूळ धुवायला बसला."

"जमला का भात?"

"पहिल्या दिवशी करपला. काल हसुराम म्हणाला, मामा, आज भात बरा झालाय."

"एवढंच?"

"एवढंच. लढाईत बिल्ला मिळाला, तेव्हा भावानं एका ओळीचं कार्ड धाडलं होतं. भाताचं मात्र काल मला तीनदा सांगितलं."