एवेलियोनं केलेली पेटी

सार्ची गावच्या दवाखान्यात ओदिलिये नंबर यायची वाट पाहत होती. पुढच्या बाकावर, नर्सनं नुकतीच ‘योर्लेनी’ म्हणून नोंद केलेल्या एका अनोळखी तरुणीच्या मांडीवर लाकडी पेटी होती. झाकणावरची ती नाजूक जाळीची वेल आपल्या नवऱ्याच्याच करवतीची, हे तिनं लगेच ओळखलं.

“अगं योर्लेनी, किती सुबक! कुणी केली?”

“एवेलियोकाकांनी. पाच दिवस रोज जात होते मी त्यांच्याकडे.”

“रोज? आणि त्यांची बायको?”

“ती बाजारात पेट्या विकते ना. आम्ही दोघंच असायचो. कॉफीसुद्धा तेच करायचे.”

ओदिलियेच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी त्यानं कधी पाणी तापवलं नव्हतं.

“बोलतात का गं? मला तर घुमेच वाटतात.”

“खूप बोलले. माझ्या गेलेल्या बाळाचं टोपडं ठेवायचंय म्हटलं, तर करवत बंद करून रडायलाच लागले. म्हणाले, माझी मुलगीही आठ दिवसांची असताना गेली. तिच्यासाठी पेटी करायला घेतली, पण हात चालेना.”

लेक गेल्यापासूनच्या बारा वर्षांत नवऱ्याच्या तोंडून यातला एक शब्दही ओदिलियेच्या कानावर आला नव्हता. ती उठून योर्लेनीसमोर उभी राहिली.

“मी त्याची बायको. मुलीचं नाव घेतलं का त्यानं?”

“घेतलं,” योर्लेनी चाचरली. “नोएमी म्हणाले.”

“कसं म्हणाला? तसंच म्हणून दाखव मला.”