दादानं सही केली नाही

काका, काकू, मुलांनो, दादाला निरोप द्यायला तुम्ही सगळे आलात. कोणी फिलाडेल्फियाहून ड्राइव्ह करून आलात. मला बोलणं जड जातंय. आमच्या घरात बोलायचं काम दादाचं होतं.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये तुम्ही त्याला संध्याकाळी फिरायला निघणारा माधवकाका म्हणून ओळखलंत. वहिनी गेल्यावर तो हॉलंडहून माझ्याकडे राहायला आला. पण तिथे माझा हा दादा मंत्री होता. शिकायला गेला, तिथलाच झाला, उदारमतवादी पक्षातून निवडून आला.

वाद घालायची त्याची एक रीत होती. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडायचा, मग खोडायचा. मागच्या वर्षी मी त्याला गाडी चालवू नकोस म्हटलं. तो म्हणाला, "सुधा, तुझं म्हणणं असं, की माझी नजर अधू झालीय आणि ब्रेकवर पाय उशिरा जातो. बरोबर?" मी म्हटलं, हो. "याला माझ्याकडे उत्तर नाही," म्हणाला, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

तो मंत्री असताना सरकारनं एक कायदा आणायचं ठरवलं. निर्वासितांनी आपल्या घरच्यांना बोलावून घ्यायचं नाही. सही दादाची हवी होती. पक्ष म्हणाला, कर. त्यानं मला फोन केला.

"सुधा, तू आईला अमेरिकेत कशी आणलीस?"

"अर्ज केला, स्पॉन्सर केलं. कशी म्हणजे?"

"हक्क होता म्हणून आणलीस. तो मी दुसऱ्याचा कसा काढून घेऊ?"

"मग मंत्रिपद?"

"जाईल."

"आणि पुढे?"

मग म्हणाला, "माहीत नाही गं. भीती वाटतेय."

त्यानं सही केली नाही. राजीनामा दिला. कायदा तरीही झाला. पक्षातले जुने मित्र त्याच्या शेजारी बसेनात. दादा संपला, असं पेपरांत आलं.

दादा संपला नव्हता. तो पुन्हा दारोदार मतं मागत फिरला, युरोपच्या संसदेत गेला, पुढे ब्रसेल्सला, साऱ्या युरोपच्या सरकारात. तिथे कितीतरी वर्षं खपून त्यानं एक नियम करून घेतला: आईबाप आणि मुलं यांची ताटातूट करायची नाही. भावाबहिणींचं कलम मात्र त्याला सोडावं लागलं. ते त्याला शेवटपर्यंत सलत होतं. एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "तेवढं राहिलं बघ."

काल हॉलंडहून एका निर्वासित बाईंचा फोन आला. दादाच्या जुन्या ऑफिसातून त्यांनी माझा नंबर मिळवला होता. म्हणाल्या, "माझी आई माझ्याजवळ आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय." म्हातारी बोलत राहिली. मला तिची भाषा कळेना, तिला माझी. मी आपली मराठीत बोलले. रडलो दोघी. फोन कोणीच ठेवेना.

आता जमेल त्यांनी उभं राहूया. शेजारी आपलं माणूस असेल, तर त्याचा हात धरा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

दादा, ये आता.