सलीमचाचांची रजा

हसू नका, पण सलीमचाचा रजेवर गेले आणि माझा प्रोग्रॅम आजारी पडला. चाचा म्हणजे पनवेलच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातले जुने क्लार्क. बंदराच्या सर्व्हरकडून ट्रेलरचे गेटपास मागवणारा प्रोग्रॅम त्यांच्या पीसीवर चालतो. तो मी लिहिलेला. चार वर्षांत एक तक्रार नाही, त्यामुळे मी मिरवायचोसुद्धा!

चाचा मुलीकडे दोहाला गेले आणि रोज दुपारनंतर टाइमआउट सुरू झाले, म्हणजे पास वेळेत येईचनात. ट्रेलर रस्त्यावर रांगेत आणि ड्रायव्हर माझ्या नावाने शिव्या देतायत. चार दिवस मी बंदराच्या सर्व्हरलाच दोष देत बसलो. पाचव्या दिवशी चूक सापडली. माझा कोड प्रत्येक पाससाठी नवं कनेक्शन उघडायचा, पण जुनं बंदच करायचा नाही. दुपारपर्यंत मेमरी भरून जायची.

मग चार वर्षं हे चाललं कसं?

चाचा परतल्यावर त्यांनाच विचारलं.

"मी दुपारच्या नमाजाला जाताना पीसी बंद करतो, आल्यावर चालू करतो."

"रोज?"

"रोज. दुपार झाली की तो धापा टाकतो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं."

मी गारच पडलो. पीसी बंद केला की मेमरी रिकामी! चार वर्षं माझी अब्रू या माणसाने राखली होती.

"अहो चाचा, मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं की, बेटा," चाचा शांतपणे म्हणाले. "तू म्हणालास, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे."