फळ्यावरच्या खालच्या दोन ओळी

पेटी थांबवा. झांजाही खाली ठेवा. आज मला सुरात बोलता येणार नाही मंडळी, आज माझं डोकं फिरलेलं आहे!

एक सवाल टाकतो, उत्तर लगेच देऊ नका. एका माणसानं एक बातमी सांगितली. खरी बातमी! खोट्याचा दाणा नाही, पदरचं काही घातलेलं नाही. आणि त्या खऱ्या बातमीपायी एका कारागिराची नजर गेली. आता बोला — सांगणाऱ्याच्या वाट्याला पुण्य, की पाप? ... मागून कोणीतरी 'पुण्य' म्हणालं. थांब बाबा, घाई करू नकोस. घाईनंच सगळा घोळ झालाय.

तर ऐका. खाडीकाठी कासारखोल नावाचं गाव. गणपतीच्या मूर्तींचं गाव. गावात एक वाचनालय, वाचनालयाच्या दारात एक काळा फळा, आणि त्या फळ्यावर रोज सकाळी आठ वाजता लिहायच्या दमयंतीबाई टिपणीस. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्या, पण हातातला खडू काही सुटेना. जगात कुठे काय नवा शोध लागला — कुठे नवा ग्रह दिसला, कुठे नवी लस निघाली — ते वाचायचं, स्वतः समजून घ्यायचं, आणि बाजारात निघालेल्या कोळणीलाही कळेल अशा मराठीत फळ्यावर उतरवायचं. पगार? काही नाही. चहा? तो स्वतःच्या घरी जाऊन.

आणि गाव वाचायचं, बरं का! भाजीची पिशवी हातात घेऊन उभं राहून वाचायचं. 'बाईंच्या फळ्यावर आलंय' म्हटलं की वाद मिटला.

बाईंची एक खोड होती. वर बातमी, आणि खाली दोन ओळी ठरलेल्या. हा प्रयोग कोणावर झाला, ही एक. अजून काय कळलेलं नाही, ही दुसरी. गाव हसायचं. बाईंच्या बातमीला शेपूट असतंच म्हणायचं, आणि धूमकेतूची बातमी असली तर दोन! बाईही हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दोन ओळी लिहायच्या. 'माहीत नाही' हे सांगितल्याशिवाय शिकवणं पुरं होत नाही, असं त्यांचं मत.

फाल्गुनातली गोष्ट. बाईंनी फळ्यावर लिहिलं, काचबिंदूने गेलेली नजर परत मिळवण्यात संशोधकांना यश. डोळ्याच्या नसेतले निकामी झालेले तंतू पुन्हा वाढवून दाखवले. आणि खाली त्यांच्या दोन ओळी. प्रयोग फक्त उंदरांवर, माणसावर अजून एकही नाही. माणसाला लागू पडेल का, माहीत नाही; तोवर ज्यांना डॉक्टरांनी थेंब दिलेत त्यांनी ते मुळीच बंद करू नयेत.

काचबिंदू म्हणजे काय, ठाऊक आहे ना? मोतीबिंदू नव्हे! मोतीबिंदूला शस्त्रक्रिया आहे, भिंगं बदलतात, आजी पुन्हा सुईत दोरा ओवते. काचबिंदू मोठा कपटी. कडेकडेनं नजर खात येतो. मधलं स्वच्छ दिसत राहतं, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. आणि जे गेलं ते गेलं. उरलेलं राखायचं तर रोज थेंब घालायचे, जन्मभर.

आता कासारखोलची एक रीत सांगतो. फळ्याचा तळ मरणाच्या बातमीचा. गावात कोणी गेलं की तिथे लिहायचं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. चांगली रीत आहे, माझी तक्रार नाही. त्या दिवशी साडेनऊला तात्या वैद्य गेले. ब्याण्णव वर्षांचे, सोनं झालं. वाचनालयाचे सेक्रेटरी अनंतराव कर्णिक ओला फडका घेऊन आले. मला सांगा, माणूस गेला हे सांगायला जागा किती लागते? नाव आणि अंत्ययात्रेची वेळ. एक ओळ! तेवढी जागा तळाला मोकळी होती. पण त्याखाली आणखी एक मजकूर यायचा होता ना — 'शोकाकुल : अनंतराव कर्णिक, मानद सेक्रेटरी, व समस्त कार्यकारिणी'. मेले तात्या आणि अक्षर मोठं कोणाचं? अनंतरावांचं! त्या नावाला ऐसपैस जागा हवी म्हणून बाईंच्या दोन ओळींवरून फडका फिरला. उंदीर पुसले, थेंब पुसले. वर उरलं काय? गेलेली नजर परत मिळवण्यात यश.

संध्याकाळी बाईंनी ते पाहिलं आणि तडक अनंतरावांचं घर गाठलं. अनंतराव म्हणाले, मयताच्या मजकुराला आता हात लावता येत नाही, लोक काय म्हणतील, तिसऱ्या दिवसानंतर काय ते लिहा. बाईंनी ऐकलं. चौथ्या दिवशी फळा मोकळा झाला तेव्हा समुद्रातल्या कुठल्याशा नव्या माशाची बातमी आली होती, ती त्यांनी लिहिली, आणि पुसलेल्या दोन ओळी राहूनच गेल्या. इथे बाई चुकल्या. मी त्यांची बाजू घेणार नाही. त्यांनी स्वतःच घेतली नाही.

कारण त्याच गावात हसुराम ठाकूर राहतो. हसुराम आखणी करतो. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं. माती कोणीही मळील, साचा कोणीही काढील, रंगाला दहा माणसं मिळतील, पण डोळे रेखायला सगळा कारखाना एका हाताकडे बघत बसतो. केसाएवढ्या कुंचल्यानं एक रेघ इकडे, एक तिकडे, आणि मातीचा गोळा तुमच्याकडे बघायला लागतो! पंचवीस वर्षं हसुराम हेच करतोय. आणि त्याला काचबिंदू.

सकाळ-संध्याकाळ थेंब. थेंब घातले की डोळे चुरचुरायचे, अर्धा तास धूसर दिसायचं. आखणीला सकाळचा उजेड लागतो आणि तोच अर्धा तास वाया! हसुराम कावलेला. अशात त्याच्या फोनवर एक फोटो आला. बाईंचा फळा, बाईंचं वळणदार अक्षर. गेलेली नजर परत मिळवण्यात यश. हसुरामनं हिशोबी माणसासारखा विचार केला. गेलेलीच जर परत येते, तर राखायचा एवढा जाच कशाला? हंगाम निघू दे, मग बघू. थेंबाची बाटली कोनाड्यात सरकवली आणि घरात कोणाला बोललासुद्धा नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. मधलं स्वच्छ दिसतंय, रेघ सरळ येतेय, मग भीती कसली?

आषाढात बाई मूर्ती ठरवायला कारखान्यात गेल्या. हसुराम मूर्तीसमोर बसला होता. कारखान्यातल्या पोरीनं त्याच्या उजव्या गुडघ्याशी चहा ठेवला. त्यानं पाय पसरला आणि कप उलटला. बाईंना वाटलं, होतं असं. पोरीनं दुसरा कप आणला, तिथेच ठेवला, आणि हसुराम हातानं जमीन चाचपू लागला. कप वीतभर अंतरावर! बाईंनी त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. शिक्षिकाच ती, वर्गात कोणाला फळा दिसत नाही हे तिला लांबून कळतं. हसुरामचा काचबिंदू गावाला ठाऊक होता. थेंब घालतोस ना, असं त्यांनी विचारलं. आणि हसुराम खुशीत हसला, मंडळी. खुशीत!

"थेंब कदीच बंद केले, बाई. तुमचे फल्यावरच नाय का आलं, गेलेली नजर परत येते म्हणून? तुमचेमुलं माजा हंगाम वाचला."

बाईंनी त्याला हात धरून तिथून उठवलं. त्याच दुपारी त्याला गाडीत घालून शहरात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्यात आता किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढंच उरलंय, डावा थेंबांनी कदाचित राखता येईल, गेलेलं येणार नाही.  परत येताना हसुराम गाडीत हळूच म्हणाला, "बाई, फल्यावर लिवलेलं खोटं होतं?"

"नाही रे. खरं होतं."

"मंग मना असं कसं झालं?"

द्या उत्तर! मघाशी पुण्य म्हणणारे कुठे गेले? द्या की!

दुसऱ्या दिवशी बाई अनंतरावांच्या समोर उभ्या राहिल्या. अनंतरावांनी चष्मा पुसला. म्हणाले, बाई, वाचनालयाचा यात काय दोष? फळ्यावर जे उरलं होतं ते अक्षरन्अक्षर खरं होतं. आणि अहो, ते बरोबरच बोलत होते! हाच तर माझा संताप आहे. खोट्याला निदान कधीतरी पकडता येतं. अर्धं खरं बोलणारा शपथ घेऊन सुटतो. देणारा औषध देतो आणि किती घ्यायचं ते सांगत नाही, मग ते औषध राहिलं का?

बाई तिथे भांडत बसल्या नाहीत. हसुरामचा फोन मागून घेतला आणि फोटो नीट पाहिला. त्यात तात्यांच्या निधनाचा मजकूरच नव्हता. फळ्याचा खालचा भाग कोणीतरी कापला होता. बाईंनी शोधलं की हा आला कुठून. हसुरामला मेव्हण्यानं पाठवलेला, मेव्हण्याला एका भजनी मंडळानं, मंडळाला एका कीर्तनकारानं.

बाई त्या कीर्तनकाराच्या घरी गेल्या. तो जेवत होता. हातातला घास तसाच राहिला.

तो कीर्तनकार मी.

हो, मीच! बघा माझ्याकडे नीट. चाळीस गावांतल्या मंडळांना मी रोज सकाळी काहीतरी चांगलं पाठवतो, त्याचा मला मोठा अभिमान. त्या दिवशी कासारखोलवरून जात होतो, फळा दिसला, फोटो काढला. आता विज्ञानाची शुभवार्ता आणि तिच्याखाली 'दुःखद निधन'? सकाळी सकाळी अशुभ नको, म्हणून मी तळ कापला. आणि वर लिहिलं, 'सर्वांना कळवा'. बाईंनी माझ्याच फोनमधला मूळ फोटो उघडायला लावला. मोठा करा म्हणाल्या. केला. ओल्या फडक्याखालून खडू पुरता गेला नव्हता, मंडळी. तात्यांच्या नावामागे फिकट दिसत होतं — 'फक्त उंदरांवर'. 'थेंब' हाही शब्द दिसत होता. मी नुसतं वाचलं असतं तरी चाललं असतं! तीस वर्षं लोकांना सांगतोय, श्रवण करा, मनन करा. आणि मी काय केलं? अंगठा टेकवला.

मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी नको. जिथे जिथे पाठवलंत तिथे जा, आणि उरलेलं सांगून या." पाणीसुद्धा न घेता निघून गेल्या.

हे माझं अकरावं गाव. फोनवरून खुलासा मी त्याच दिवशी पाठवला. किती जणांनी पुढे धाडला, सांगू? चाळीसांतल्या दोघांनी. नजर परत येते हे चाळीसांनी पाठवलं, येत नाही हे दोघांनी. शरम वाटते? वाटू दे. मला वाटते, तुम्हालाही वाटली पाहिजे. तुमच्या गावात माझा तो फोटो तीन मंडळांत फिरलाय, मला माहीत आहे. नावं घेत नाही.

म्हणून आज गजर नाही. आरतीही मागाहून. आधी फोन काढा आणि तो फोटो कोणाकोणाला पाठवला होतात ते बघा. नुसता मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही! उठायचं, त्याच्या दारात जायचं, आणि विचारायचं, बाबा रे, घरात कोणाला काचबिंदू आहे का, थेंब चालू आहेत का? बंद असतील तर बाटली शोधायला लावा, आणि उद्या सकाळी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. मागच्या गावात अशा दोन बाटल्या सापडल्या. दोन्ही भरलेल्या होत्या.

काय बघताय माझ्या तोंडाकडे? उठा!